पाण्याकडे राहिलेलं नाव

हिवाळा लागला की वडशाच्या स्टेशनाकडून धानाच्या गोदामांकडे जाणारा रस्ता नाटकांच्या फलकांनी भरून जातो. नट्यांचे मोठाले चेहरे, त्याखाली कंपनीचं नाव, त्याखाली बुकिंगचा फोन. या फलकांच्या आड कय्यूमभाईंचं दुकान आहे. कय्यूमभाई नाटकमंडळ्यांचे कपडे शिवतात. राजाचे अंगरखे, इन्स्पेक्टरचे गणवेश, सावत्र आईची भडक लुगडी. दुकानात पाय टाकला की खळीचा आणि कोऱ्या जरीचा वास येतो. मागच्या भिंतीशी त्यांची मुलगी शाजिया संगणक मांडून बसते आणि त्याच मंडळ्यांच्या वेबसाइटी बनवते. "मी राजाले सजवतो अन् माझी पोरगी राजाची तारीख बुक करते," असं कय्यूमभाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

त्या हिवाळ्यात इंदुताई रोज सकाळी त्या दुकानात येऊन बसत. त्या राहायच्या नदीपलीकडे ब्रह्मपुरीला. सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात गेलेली. कानाला हेडफोन लावून त्यांनी उभ्या तालुक्याची लग्नं, मयती आणि भांडणं जोडून दिली होती, आणि त्यातलं बरंचसं त्यांना अजून पाठ होतं. माणसं आवाजावरून ओळखायची सवय त्यांना तिथंच लागली. पण त्या रोज वैनगंगेचा पूल ओलांडून यायच्या त्या माहेरच्या गावासाठी.

माहेर मोहबोडी. जंगलाच्या कडेला, एका जुन्या मालगुजाराने, म्हणजे जमीनदाराने, बांधलेल्या तलावाच्या पाळीखाली वसलेलं गाव. गावातल्या ढिवर बायका त्या तलावात मासे धरतात. इंदुताईंची आई धरायची, आजी धरायची. आता तलावाचा ठेका नव्याने व्हायचा होता आणि या वेळी बाहेरचा एक ठेकेदार उभा राहिला होता. तलाव गावाच्या वापरात आहे हे बायकांच्या संस्थेने दाखवून द्यावं, आणि तेही संगणकावर, असा निरोप चंद्रपूरच्या कार्यालयातून आला. आकाशातून काढलेला नकाशा त्यांनी पाठवला होता. त्यात पाण्याचे तुकडे पाडलेले. प्रत्येक तुकड्याला गावात काय म्हणतात, तिथं काय धरतात, कोणत्या महिन्यात, सोबत एक फोटो, एवढं भरायचं. ज्या तुकड्याला नाव नाही तो वापराबाहेरचा, आणि वापराबाहेरचं पाणी ठेकेदाराला. एक तुकडा त्याच्या हाती गेला की त्याची मोटारबोट आणि ओढजाळी अख्ख्या तलावात फिरणार, हे गावातल्या लहान पोरालाही कळत होतं.

"ताई, हे पाहा," शाजियाने पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "हे सीएमएस म्हंजे आपलं मागचं स्वयंपाकघर. इथी आपण रांधून ठेवाचं. वेबसाइट म्हंजे पंगत. अन् हा एपीआय म्हंजे वाढपी. चंद्रपूरच्या मशीननं हाक मारली का हा जाते, मागितलं तेवढं ताटात वाढते अन् वापस येते."

"अन् मागितलेलं आपल्यापाशी नसलं तं?"

"तं ताट रिकामं. मंग ते मशीन आपल्या जावयासारखं रुसते."

इंदुताई पोटभर हसल्या. पोरगी त्यांना आवडली होती.

काम मजेत चाललं. इंदुताई सांगायच्या आणि शाजिया भरायची. हत्तीबूड, जिथं कधीकाळी जमीनदाराचा हत्ती रुतला. लोहाराचा डोह. पोवनीचा गाळ. सातबायांची पायरी. तुडुमाचं तोंड, जिथून शेताला पाणी सोडतात. एकेका नावाबरोबर इंदुताईंना एकेक उन्हाळा आठवायचा. कमळाच्या देठांचा चीक, आईच्या ओल्या लुगड्याला येणारा माशांचा वास, डोंग्याच्या बुडाला लागणारं गार पाणी. गावातल्या कित्येक बायकांना वाचता येत नव्हतं, म्हणून शाजियाने प्रत्येक नावाशेजारी 'ऐका' असं एक बटण दिलं. दाबलं की यंत्राचा आवाज नाव वाचून दाखवी. देवकाबाईंनी फोनवर ते ऐकलं आणि म्हणाल्या, "बोलते बरं, पण नकटी आहे."

देवकाबाई म्हणजे मोहबोडीतली सगळ्यांत जुनी बाई. इंदुताईंना अजूनही 'इंदू' अशी एकेरी हाक मारणारं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं.

"आता हा शेवटचा तुकडा," शाजिया एके दिवशी म्हणाली. "पश्चिमेचा कोपरा. जंगल थेट पाण्यात उतरलं आहे तो. याले काय म्हणतेत?"

इंदुताईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"त्याचं नाव घेत नाई."

"म्हंजे माहीत नाई?"

"माहीत आहे. घेत नाई."

मोहबोडीची रीत अशी होती. नवी सून आली की तिला डोंग्यात बसवून तलाव दाखवायचा. म्हातारी पुढं बसून एकेक नाव सांगत जायची. त्या कोपऱ्यापाशी आलं की म्हातारी गप्प व्हायची, वल्हं पाण्याबाहेर काढून मांडीवर ठेवायची, आणि डोंगा आपसूक वाहत पुढं गेला की पुढलं नाव सांगायची. कोपऱ्याचं नाव कोणी कोणाला सांगायचं नाही. बाई पहिल्यांदा एकटी तिथून गेली की तिला ते कळायचं. इंदुताईंना कळलं तेव्हा त्या परकर नेसणारी पोर होत्या. कमळकाकडीसाठी डोंगा घेऊन गेल्या होत्या. भर दुपार होती, वारा पडलेला होता. घरी येऊन त्या आईजवळ बसल्या, आईने नुसतं तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "कळलं ना? आता ठेव मनात." सगळ्या बायकांना एकच नाव ऐकू येतं की जिचं तिला वेगळं, हे कधी कोणी ताडून पाहिलं नाही. ताडायचं तर म्हणावं लागलं असतं.

"म्हटल्यावर काय होते?" शाजियाने विचारलं.

"आपण कोणाले नावानं हाक मारली तं तो काय करते?"

शाजियाने खांदे उडवले. ती शिकलेली, हुशार आणि कामाच्या घाईत असलेली मुलगी होती. हा रकाना सक्तीचा होता. तो भरल्याशिवाय नोंद प्रकाशित होत नव्हती, आणि एक नोंद अडली तर सगळा तलावच अडत होता. इंदुताई बस धरायला गेल्यावर तिने त्या रकान्यात आपल्या मनाने 'कोपरा' असं लिहिलं, फोटो जोडला आणि नोंद प्रकाशित केली.

दुसऱ्या दिवशी इंदुताई आल्या तेव्हा ती वैतागलेली होती.

"ताई, काल तुम्ही घरून लॉगिन केलं का?"

"मले कुठी येते?"

"मंग हे पाहा. मी इथी 'कोपरा' लिहिलं होतं. आता एकच अक्षर आहे. टाइप करता करता कोणी उठून गेल्यासारखं."

इंदुताईंनी वाकून पाहिलं. पांढऱ्या रकान्यात एक काळं अक्षर होतं. मग त्यांनी हात पुढं करून ते अक्षर तळव्याखाली झाकलं, जसं वाऱ्यात दिवा झाकावा.

"काय झालं?"

"पुस ते."

शाजियाने पुसलं. मग तिने सीएमएसमध्ये बदलांचा इतिहास उघडला. कोणी, कधी, काय बदललं ते तिथं दिसतं. 'कोपरा' लिहिल्याची ओळ होती, पुढं शाजियाचं नाव होतं. त्याखाली बदल केल्याची दुसरी ओळ होती. तिच्यापुढं कोणाचंच नाव नव्हतं.

"कोणीतरी हॅक करून राह्यलं. ठेकेदाराचाच माणूस असन," ती म्हणाली. तिने पासवर्ड बदलला, नोंद परत मसुद्यात टाकली आणि एपीआयची चावीही नवी केली.

त्या संध्याकाळी इंदुताईंनी देवकाबाईंना फोन लावला. काय झालं ते सांगितलं.

मग म्हातारी म्हणाली, "खोटं नाव ठेवलं ना तिनं? कोणी तुले भलत्याच नावानं हाक मारली तं तू काय करशील? खरं सांगशीलच ना."

पुढच्या सकाळी अक्षर परत आलं होतं, आणि त्याच्यापुढं दुसरं. नोंद मसुद्यात राहिली नव्हती, प्रकाशित झालेली होती. शाजियाने आता चिडून नाही, लक्ष देऊन पाहिलं. वाढप्याच्या फेऱ्यांचीही नोंद सर्व्हरवर असते. चंद्रपूरचं मशीन रोज सकाळी एकदा तलावाची माहिती मागत होतं. मागणी आली की अक्षर वाढत होतं.

"म्हंजे तिकडून कोणी विचारलं, का इकडून ते थोडं थोडं सांगते," ती हळूच म्हणाली. स्वतःचं वाक्य तिलाच आवडलं नाही. "मी जुनी चावी बंद केली ना, ताई. त्यायले नवी दिलीच नाई अजून. तरी ताट भरून जाऊन राह्यलं."

दुकानात त्या दिवशी वेगळाच वास होता. खळ आणि जर यांच्या खालून, तळाशी कुजलेल्या कमळाच्या पानांचा. कय्यूमभाई एका राजाचा अंगरखा नाकाशी धरून बसले होते. "कालच शिवला. अन् हा बघा, जसा काही तळ्यातून काढला." ते टेबलापाशी आले, पडद्याकडे पाहिलं आणि कापडावरचा मजकूर वाचावा तसं सहज वाचायला लागले.

दोन्ही अक्षरं त्यांनी मोठ्याने म्हटली.

टेबलावरच्या पेल्यातलं पाणी हललं. नुसतं हललं. रस्त्यावरून ट्रक गेला असता तरी हललं असतं, पण रस्त्यावर ट्रक नव्हता.

इंदुताईंचा फोन वाजला. देवकाबाई.

"इंदू, आत्ता कोणं हाक मारली?"

"कय्यूमभाईनं. काऊन?"

"आमी सगळ्या पाळीवर आहो. कोपऱ्यातलं पाणी उठून बसल्यासारखं झालं, माय. अन् मंग थांबलं. अर्ध्यावरच थांबलं." म्हातारी घाबरली नव्हती, रागावली होती. "त्या माणसाले म्हण, तोंड शिवून घे आपलं. कपडे शिवते ना?"

इंदुताईंनी निरोप जसाच्या तसा दिला. कय्यूमभाईंना एरवी हसू आलं असतं. ते शिलाईयंत्रापाशी जाऊन बसले आणि पायडलवर पाय ठेवून तसेच राहिले.

शाजियाने नोंदच उडवून टाकली. ती परत आली. तिने सगळी वेबसाइट बंद केली. चंद्रपूरच्या पोर्टलवर तलाव तरीही दिसत होता, सगळ्या नावांसकट, आणि शेवटच्या रकान्यात अक्षरं जमत चालली होती. सुनावणीची तारीख पडली.

"तिथी पडद्यावर लावतीन, ताई," शाजिया म्हणाली. तिचे डोळे ओढले गेले होते. "साहेब सारखं रिफ्रेश करन. अन् मी मूर्खावाणी ते 'ऐका' चं बटण देऊन बसली. न जाणं चांगलं."

"अन् तलाव?"

शाजियाने पडद्याकडे पाठ फिरवली.

"गेलो नाई तं तलाव जाते. गेलो अन् तो रकाना रिकामा सोडला तरी जाते. अन् ते नाव पुरं झालं तं..." इंदुताई थांबल्या. एक्स्चेंजात रागावलेल्या साहेबांनाही त्या ज्या सुरात 'लाइन व्यस्त आहे' म्हणायच्या, तोच सूर आता त्यांच्या आवाजात आला. "माझ्या आईनं नाई सांगितलं. तिच्या आईनं नाई सांगितलं. एका मशीननं विचारलं म्हणून मी काऊन सांगू? जाऊ. पण देणार नाई."

चंद्रपूरला त्या सगळ्या एसटीने गेल्या. मोहबोडीच्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. सुकरी नावाची तरतरीत बाई सगळ्यांसाठी भाकरी आणि झिंग्यांची चटणी घेऊन आली होती. देवकाबाईंना दोघींनी धरून पायऱ्या चढवल्या. कोटाच्या दगडी भिंतीवर दुपारचं ऊन होतं, रस्त्यावर कोळशाची बारीक धूळ होती. सभागृहात खुर्च्या, पंखे, समोर मोठा पडदा. मागच्या रांगेत ठेकेदाराचा माणूस पाय पसरून बसला होता.

साहेब तरुण होते, बोलायला गोड. पडद्यावर तलाव आला. एकेक तुकडा दाबला की नाव, फोटो, मासे. बायकांनी आपला तलाव एवढा मोठा कधी पाहिला नव्हता. सुकरी कुजबुजली, "हत्तीबूड पाहा वं, अजून हत्ती दिसन असं वाटते."

"फार छान काम आहे," साहेब म्हणाले. "एकच नोंद अपुरी दिसते."

त्यांनी पश्चिमेचा कोपरा दाबला.

शाजियाने जोडलेला फोटो तिथं नव्हता. दुसराच होता. पाण्याच्या पातळीला डोळे ठेवून, पाण्यातून पाळीकडे पाहत काढल्यासारखा. पाळीवर बायका उभ्या होत्या, लहान लहान, सगळ्या कॅमेऱ्याकडे पाहत. वर रकान्यात नाव होतं. इंदुताईंनी एकदाच पाहिलं. एका अक्षराची उणीव होती.

"हे अर्धवट वाटतं. आजी, तुम्हीच सांगा, पुढे काय आहे?" साहेबांनी इंदुताईंना विचारलं.

"नाई सांगत."

"आजी, एवढं सांगा, मी लगेच मंजूर करतो."

"रकान्यात काहीतरी असलं म्हंजे झालं ना तुमाले? ते नाई सांगत."

मागून ठेकेदाराचा माणूस हसला. "नाव सांगता येत नाई, अन् म्हणे तलाव आमचा."

"तू सांग मंग," देवकाबाई मागं वळून म्हणाल्या. "जा, बस एकटा डोंग्यात. ये कळून."

तो हसायचा थांबला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"थांबा, मी पान ताजं करून बघतो," साहेब म्हणाले.

"नको, सर!" शाजिया उठली.

त्यांनी बटण दाबलं. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि परत आला.

नाव पुरं झालं होतं.

इंदुताईंनी डोळे मिटले. पण सभागृहात कोणी ते वाचलं नाही. साहेब पडद्याकडे पाहत होते, त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज निघत नव्हता. मग त्यांनी, वाचता न आलेला शब्द माणूस दुसऱ्याकडून वाचून घेतो तसं, 'ऐका' वर बाण नेला.

भिंतीवरच्या स्पीकरमध्ये कोणीतरी श्वास घेतला. तो नकट्या यंत्राचा श्वास नव्हता. बुडालेल्या माणसाने वर येऊन घ्यावा तसा, लांब, ओला.

"हत्तीबूड!" देवकाबाई ओरडल्या.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलंही नाही.

"लोहाराचा डोह!"

"पोवनीचा गाळ!"

"सातबायांची पायरी!"

सगळ्या उभ्या राहिल्या होत्या. नवीन सुनेला सांगतात त्या क्रमाने, पण ओरडून, एकीच्या अंगावर दुसरीचा आवाज चढवत. साहेब दोन्ही हात वर करून काही म्हणत होते. स्पीकर काही म्हणत होता. काय, ते कोणालाच ऐकू आलं नाही. खालून कोठूनतरी गारवा आला. फरशीला पाझर फुटला होता आणि खुर्च्यांच्या पायांशी पाणी होतं.

नावं संपत आली.

तुडुमाचं तोंड म्हणून झालं की सगळ्यांना गप्प व्हायचं होतं. रीत तशीच होती. त्यानंतर कोपरा येत होता.

इंदुताई शाजियाने सोबत आणलेल्या लॅपटॉपपाशी गेल्या. तिथं तोच रकाना उघडा होता. अक्षरांवर पाण्यातून पाहिल्यासारखी झाक होती.

"खोटं नाव चालत नाई ना तुले?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. कधी कोणावर चढवलाही नव्हता. "बरं. मी खरंच देतो. पण तुझं नाई. तुझं तुझ्यापाशीच ठेव."

त्यांनी अक्षरं पुसली. पुसताना प्रत्येक अक्षर बोटाला जड लागलं, ओल्या दोरीसारखं. मग एकेक कळ शोधत त्यांनी लिहिलं.

इंदू.

"ताई, नका!" शाजिया म्हणाली.

त्यांनी प्रकाशित केलं.

बायका गप्प झाल्या होत्या. स्पीकरही गप्प होता. साहेबांनी घशाशी हात नेला, पान ताजं केलं, आणि बोलताना त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. "हां, आलं. नाव आहे. नोंद पूर्ण." त्यांनी तिथल्या तिथं मंजुरी दिली. फरशी कोरडी होती. ठेकेदाराचा माणूस केव्हाच उठून गेला होता, त्याच्या खुर्चीखाली मात्र ओली पावलं होती, आत येणारी.

परतीच्या एसटीत बायकांनी गाणी म्हटली. सुकरीने उरलेल्या भाकरी वाटल्या. शाजिया इंदुताईंच्या शेजारी बसली होती. मूल गावाच्या अलीकडे ती काही सांगायला वळली, तिने तोंड उघडलं, थांबली, खिडकीबाहेर पाहिलं, आणि मग म्हणाली, "पाणी पाहिजे का तुमाले?"

इंदुताई म्हणाल्या, "नको." त्यांना बरं वाटत होतं. तलाव राहिला होता.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहबोडीत पहिली मासेमारी झाली. इंदुताई सकाळीच गावी गेल्या. बायका कमरेइतक्या पाण्यात ओळीने उतरल्या होत्या, जाळी ओढत होत्या, एकमेकींना शिव्या देत होत्या. मरळ, शिंगूर, बोटाएवढे झिंगे. पाळीवर पळसाच्या पानांवर सारखे वाटे घातले गेले. ज्या बाईने तलावासाठी काही केलं तिचाही वाटा असतो, मग ती पाण्यात उतरो न उतरो. देवकाबाई वेताच्या मोढ्यावर बसून नावं पुकारू लागल्या.

"सुकरी!"

"ओ!" म्हणून सुकरी आली आणि वाटा उचलून गेली.

"आचल!"

"ओ!"

"दामिनी!"

एकेक वाटा उचलला गेला. शेवटी एक राहिला. चांगला, मोठ्या मरळीचा. इंदुताई पिशवी उघडून पुढं झाल्या.

देवकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पूर्ण ओळख होती, माया होती, पाणीही होतं. त्यांनी तोंड उघडलं. मग हळूच मिटलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि खाली पाहिलं. भोवतालच्या सगळ्या बायका गप्प उभ्या होत्या.

थोड्या वेळाने म्हातारी उठली. तिने तो वाटा पानासकट उचलला, पाळीच्या पश्चिम टोकाला गेली आणि कोपऱ्यातल्या पाण्यात सोडला. हात धुतले. परत आली.

"चला वं, ऊन चढलं," ती बायकांना म्हणाली.

बायका टोपल्या घेऊन उतरू लागल्या. शेवटी पाळीवर इंदुताई एकट्या राहिल्या. त्यांना राग आला. बऱ्याच वर्षांत असा आला नव्हता. देऊन टाकलं म्हणजे काय कायमचं गेलं? जन्मभर वापरलेलं आपलं नाव, आपल्या तोंडून तरी कोण अडवणार? त्या कोपऱ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि गावाला ऐकू जाईल अशी मोठ्याने हाक मारली.

"इंदू!"

वारा पडलेला होता. पाणी हललं नाही.

"ओ," कोपऱ्यातून आवाज आला. परकर नेसणाऱ्या पोरीचा असावा तसा, आणि अगदी त्यांचाच.